धुक्यातला फोटो आणि अण्णांचा रेडिओ

घरी पहिल्यांदा येणारा माणूस बैठकीतला फोटो बघून आधी विचारतो, "हे काश्मीर का?" मी सांगतो, पैठण. नाथसागर, जानेवारी महिना, सकाळचे पावणेसात. पाण्यात उभी वाळलेली बाभळ, धुकं, आणि त्या धुक्यात अर्धे दिसणारे, अर्धे पुसलेले पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून आपल्याकडं हिवाळा काढायला येतात. पाहुणा मान डोलावतो. मी आत चहाचं सांगतो आणि जॅझ लावतो. मग दुसरा प्रश्न येतोच: या फोटोचा आणि जॅझचा काय संबंध?

एका हुशार मित्रानं उत्तरही स्वतःच देऊन टाकलं होतं. जॅझमधला सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर, त्याला सगळे 'बर्ड' म्हणायचे, म्हणून पक्षी. नाही हो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, संबंध पाण्याचा आहे.

फोटोतलं पाणी जायकवाडी धरणाचं. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी १९७६ साली उद्घाटन केलं. तिथून निघालेला डावा कालवा औरंगाबाद, जालना करत आमच्या परभणी जिल्ह्यात येतो. पाथरी तालुक्यात आमचं शेत त्याच्याच एका चारीवर. आमची पाण्याची पाळी नेहमी रात्रीची यायची. दिवसाची पाळी कुणाला मिळायची आणि कशी, हा वेगळा विषय आहे. पाणी सोडणारा पाटकरी आता हयात नाही, मीही सोडून देतो.

१९८३ सालचा हिवाळा, मी दहावीत. चुलते, म्हणजे अण्णा, दारं धरायला जायचे आणि मी बॅटरी दाखवायला. गव्हाचा एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं. वाफा भरेपर्यंत काही काम नाही. पाय चिखलानं गारठून बधिर झालेले, बांधावर पऱ्हाट्यांची आगटी, अंगावर घोंगडी, आणि बाभळीच्या फांदीला चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर. अण्णा बीबीसीच्या हिंदी बातम्या ऐकायचे. बातम्या संपल्या की रेडिओ माझा.

काटा सरकवता सरकवता एका रात्री एक खर्जातला आवाज लागला. इंग्रजी, पण इतकं सावकाश की मराठी माध्यमाच्या पोरालाही शब्द सुटे सुटे कळावेत. तो विलिस कोनोव्हर. व्हॉइस ऑफ अमेरिकेवर १९५५ पासून तो जॅझ लावत होता, आणि बाहेरदेशीच्या लोकांना कळावं म्हणून मुद्दाम असा ठाय लयीत बोलायचा. कार्यक्रमाची सुरुवात ड्यूक एलिंग्टनच्या 'टेक द ए ट्रेन'नं. ती ए ट्रेन न्यूयॉर्कमधलीच, हार्लेम भागाकडं जाणारी. आमच्याकडं गाडी म्हणजे मानवत रोडवरची मीटरगेज, तीही उशिरा. पण डोळ्यांपुढं तीच यायची.

अण्णांनी पहिल्या रात्री दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कामून ऐकायलास रे हे? कोन मेलंय का?"

मी हसलो होतो. पुढं कित्येक वर्षांनी वाचलं, की न्यू ऑर्लिन्समध्ये मयतीबरोबर खरंच ब्रास बँड चालतो. जाताना संथ भजनासारखं काहीतरी, आणि माती देऊन झाल्यावर परतताना नाचायला लावणारं. अण्णांचा कान फार चुकला नव्हता. आणि आमच्या वरातीतला बँड तरी कुठून आला? क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, आणि 'अलबेला'तली गाणी. 'अलबेला' १९५१ चा. संगीत सी. रामचंद्रांचं, आणि त्यांच्या जोडीला होता चिक चॉकलेट, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा गोव्याचा ट्रम्पेटवाला. सी. रामचंद्र जन्मले पुणतांब्याला, म्हणजे आमच्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला. जॅझ आमच्या गल्लीत रेडिओच्या आधी घोड्यामागून येऊन गेलेलं होतं, ओळख तेवढी कुणी करून दिली नव्हती. मुंबईत १९७८ पासून 'जॅझ यात्रा' भरायची, पहिल्याच खेपेला अमेरिकेचा सॅक्सोफोनवाला सॉनी रॉलिन्स वाजवून गेला, हेही मला फार उशिरा कळलं. आमच्याकडं यात्रा म्हटलं की पैठणची नाथषष्ठी.

हे सगळं ऐकणं फक्त हिवाळ्यात व्हायचं. पाळी रब्बीची, हे एक कारण. दुसरं मास्तरांनी सांगितलं: कुठंही वीज कडाडली की तिची खरखर शॉर्टवेव्हवर दूरवर ऐकू येते. आपल्याकडं वळवापासून परतीच्या पावसापर्यंत आभाळ सारखं गुरगुरत असतं. हिवाळ्यात ते शांत, आणि रात्र लांब. तरी आवाज एकसारखा कधीच यायचा नाही. फुगायचा, बुडायचा. ट्रम्पेट ऐन रंगात आलं की खाली जायचं, वर यायचं तेव्हा पियानो सुरू झालेला असायचा. मधलं काय वाजलं, ते आपल्या मनानं भरून घ्यायचं.

एका रात्री नुसता पियानो लागला. डावा हात दोनच स्वरपुंज घेऊन बसलेला, तेच ते, पुन्हा पुन्हा, तबल्याच्या साथीला पेटीवर लहरा धरावा तसा. उजवा हात आधी सरळ चालला, मग भरकटायला लागला, आणि शेवटी शेवटी त्यातून पाखरांची किलबिल निघायला लागली. मध्ये दोनदा आवाज बुडाला. चारीतल्या पाण्याची खळखळ तेवढी चालू होती. मी भान विसरलो, वाफा फुटला, आणि पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं. अण्णांनी त्या रात्री जे शब्द वापरले ते इथं लिहिता येत नाहीत.

वाजवणाऱ्याचं नाव नीट कळलं नव्हतं. नोकरीला लागल्यावर पुण्यात एका दुकानात सीडी ऐकताना दोन सुरांत ओळखलं. बिल एव्हान्स, 'पीस पीस', डिसेंबर १९५८ मधलं ध्वनिमुद्रण. पुढच्याच वर्षी हा माणूस ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या गाजलेल्या रेकॉर्डवर वाजवणार होता. सीडी घेऊन गावी गेलो. अण्णांना तेव्हा कमी ऐकू यायचं, म्हणून मोठ्यानं लावली. स्वच्छ, सहा-साडेसहा मिनिटं, कुठं एक टाचणीएवढाही आवाज बुडाला नाही. मला ते उपरं वाटलं, पण स्वतःशीसुद्धा कबूल करायची लाज वाटत होती. अण्णा शेवटपर्यंत बसले.

"हे तेच ना रे? हरभऱ्याचं?"

"हो अण्णा, तेच."

"मग खरखर कुठं गेली?"

फोटो माझ्या पुतण्यानं काढलाय. भेट देताना त्यानं दोन प्रती आणल्या होत्या. दुसरीतलं धुकं त्यानं कॉम्प्युटरवर बसून काढून टाकलं होतं. पाणी निळंशार, बाभळीची फांदी न् फांदी दिसते, हंस मोजले तर एकेचाळीस भरतात. मेहनत बरीच घेतली होती पोरानं. ती प्रत मी त्याच्या आईला दिली. तिच्या बैठकीत छान दिसते.