पाऊस आला की पडणारी लिंक

मोबाइल टॉवरच्या ट्रान्समिशनचं काम करणाऱ्याला जुलैतलं कोकण झोपू देत नाही. त्या वर्षी संगमेश्वर तालुक्यातला डोंगरावरचा एक टॉवर रोज बंद पडत होता. खोऱ्यातले पुढचे टॉवर त्याच्याच मायक्रोवेव्ह लिंकवर, म्हणजे समोरासमोरच्या दोन डिशमधल्या बिनतारी दुव्यावर जोडलेले, त्यामुळे ही एक लिंक पडली की सगळ्या गावांचे फोन मुके. अडलेल्या बाईला हलवायला गाडी बोलवायची तर रेंज नाही. मला ते फार लागायचं.

कंट्रोल रूमचं एकच पालुपद होतं: वाऱ्याने डिश हलली असेल, रिगर (टॉवरवर चढून काम करणारा) चढवा, अलाइनमेंट करून घ्या, म्हणजे डिशची दिशा जुळवून घ्या. मला ते पटेना. हललेली डिश पाऊस ओसरल्यावर आपोआप जागेवर येत नाही, आणि इथे तर उघडीप मिळाली की सिग्नल पुन्हा उणे 38 डीबीएमवर हजर. (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण.)

म्हणून स्वतःच गेलो. शेल्टरमध्ये लॅपटॉप लावून बसलो. दुपारी समोरची डोंगररांग दिसेनाशी झाली, पण आमच्या पत्र्यावर अजून थेंबही नव्हता. तेवढ्यात आकडे उतरायला लागले. उणे 44, उणे 51, उणे 60. पलीकडच्या टोकाला बसलेला सहकारी फोनवर जवळजवळ हेच आकडे वाचत होता. दोन्ही टोकांना एकाच वेळी सारखीच घसरण म्हणजे रेडिओ निर्दोष, आणि डिश हललेली नाही हे उघडिपीत परत येणाऱ्या सिग्नलने आधीच सांगितलं होतं. जे काही होत होतं ते मधल्या हवेत. उणे 69 ला लिंक तुटली. 30 डीबीहून अधिक घट, म्हणजे पोचणारी शक्ती हजाराव्या हिश्श्याहूनही कमी.

ज्यांच्या जागेत टॉवर आहे ते काका चहा घेऊन आले होते. त्यांनी विचारलं, "साहेब, हे ओव्हनातलेच किरण ना? मग आम्ही खाली राहतो, त्याचं काय?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "काका, जात एकच, पण ओव्हनात सात-आठशे वॅट बंद डब्यात कोंडलेले असतात. आमचा रेडिओ पाव वॅटही सोडत नाही, आणि तोही तुमच्या घरावरून सरळ त्या डोंगराकडे." पाणी तापायला ओव्हनची 2.45 गिगाहर्ट्झ हीच फ्रिक्वेन्सी लागते, असा एक पक्का गैरसमज आहे. तसं नाही. तो पट्टा अशा उपकरणांसाठी जगभर राखून ठेवलेला आहे आणि त्या लहरी अन्नात बऱ्यापैकी आतपर्यंत जातात, म्हणून तो निवडला. आमची लिंक 15 गिगाहर्ट्झची. तिथे पाणी उलट जास्त शोषतं. लहरीची लांबी 2 सेंटिमीटर आणि मुसळधार पावसातला टपोरा थेंब चार-पाच मिलिमीटरचा. असा थेंब लहर शोषतोही आणि विखुरतोही. तासाला 100 मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळत असेल तर दर किलोमीटरला साधारण 8 डीबी जातात. आमचा हॉप, म्हणजे दोन टॉवरमधला टप्पा, 9 किलोमीटरचा. त्यातल्या चार किलोमीटरवर जरी अशी सर असली तरी हिशेब जुळतो.

लिंक आडव्या पोलरायझेशनवर लावलेली होती, म्हणजे लहरीचं कंपन आडवं होतं. पडताना मोठा थेंब गोल राहत नाही, खालून चपटा होतो, म्हणून आडव्या लहरीला तो जास्त अडवतो. उभ्या लहरीचं नुकसान किलोमीटरमागे जवळपास 2 डीबीने कमी. शेजारच्या लिंकना अडथळा होत नाही हे तपासून परवानगी घेतली आणि उघडीप बघून दोन्ही टोकांचे रेडिओ 90 अंशांत फिरवून घेतले. ओल्या टॉवरवर चढून हे काम करणाऱ्या रिगरांचं नाव कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. शिवाय बंद ठेवलेलं अडॅप्टिव्ह मॉड्युलेशन चालू केलं: सिग्नल उतरला की वेग कमी करायचा, पण लिंक सोडायची नाही.

पुढच्या मोठ्या सरीत सिग्नल उणे 62 पर्यंत उतरला, इंटरनेट मंदावलं, पण कॉल लागत राहिले. कायमच्या उपायासाठी मी 7 गिगाहर्ट्झचा प्रस्ताव पाठवला. तिथे तेवढ्याच पावसात किलोमीटरला दीड डीबीच्या आसपास जातात. डिश मात्र मोठी लागते, वाऱ्याचा भार वाढतो, म्हणून आधी त्या टॉवरची मजबुती तपासायला सांगितली.