आमच्या पोरांनी टेप लावून मोजलं

लय दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलेच. आमची मुलगी सातवीत असतानाची गोष्ट आहे, कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या आमच्या गावातल्या सरकारी मराठी शाळेतली. बाईंनी वर्गाला सांगितलं की गावातला एक प्रश्न तुम्हीच निवडा, काम पण तुम्हीच करा, मी नुसती सोबत येईन. मला वाटलं झाडं लावतील नाहीतर झाडू घेऊन फेरी काढतील, दरवर्षी तेच असतं. पोरांनी निवडली तंबाखू.

आता निपाणी भागात तंबाखूचं नाव काढणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आमच्याकडं ती पोटाची भाकरी आहे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं इथं हायवे अडवला, गोळीबार झाला, शेतकरी गेले, अजून थोरली माणसं त्यावर बोलायला लागली की आवाज खाली येतो. वखारीत राबलेल्या बायका प्रत्येक गल्लीत आहेत आणि विड्या तर घरोघरी. माझ्या सासूबाई अजून वळतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि जर्दा, पान घ्यायचं, चिमूटभर भरायचं, गुंडाळायचं, टोक दुमडायचं, दोरा मारायचा, बोलता बोलता हात चालूच. मी पण शाळेत असताना आईजवळ बसून वळलेत, अंगाला येणारा तो वास अजून आठवतो.

तर पोरगी घरी येऊन म्हणाली, आजी आमचा प्रोजेक्ट तंबाखूवर हाय. सासूबाईंचा हात थांबला. "मग आमी काय खायाचं गं?" एवढंच म्हणाल्या आणि परत वळायला लागल्या. पोरगी रात्री जेवली नाही नीट. दुसऱ्या दिवशी तिनं हे वर्गात सांगितलं, तर निम्म्या वर्गाच्या घरात तेच झालेलं. तिथून सगळं बदललं. घोषणा नको, फेरी नको, पिकवणाऱ्याला आणि वळणाऱ्याला काही म्हणायचं नाही, आपल्या वयाच्या पोरांच्या हातात तंबाखूची पुडी कुठनं येते तेवढंच बघायचं, असं पोरांनीच ठरवलं. मोठ्यांना हा फरक करायला किती वर्षं लागतात हो!

बाईंनी त्यांना २००३ चा केंद्राचा कायदा समजावून दिला, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही आणि १८ वर्षांखालच्याला तर कुठंच विकायची नाही. (आता कर्नाटकानं वय २१ केलंय आणि अंतर १०० मीटर, पण ते नंतर.) यार्ड म्हणजे किती हे कुणालाच माहीत नव्हतं, गणिताच्या वहीत काढलं, ९१.४४ मीटर. मग एका गवंड्याकडनं तीस मीटरचा टेप आणला आणि शाळेच्या गेटापासून मोजायला सुरुवात केली, एकजण शून्य धरून गेटाला चिकटून उभा, एकजण टेप घेऊन पुढं, एकजण खडूनं रस्त्यावर खूण करणार. कट्ट्यावरची माणसं विचारायला लागली, "काय मोजायलाय रे पोरांनो, रस्ता व्हायलाय काय?"

तीन टपऱ्या आत निघाल्या. त्यातली एक वर्गातल्याच मुलाच्या आईची. नवरा गेल्यापासून त्या टपरीवरच घर चालतंय. त्या पोरानं टेप खाली ठेवला आणि गप्प बसला. मला हे ऐकून गलबलून आलं. पण त्याच्या दोस्तांनी तक्रारीचा विषयच काढला नाही, सगळी मिळून मावशीकडं गेली आणि म्हणाली, आमी वह्या, पेनं, चिक्की तुमच्याकडनंच घेतो, पुड्यांच्या माळा तेवढ्या काढा. मावशींनी एकदम नाही काढल्या. आधी आत लावल्या, मग दोन-तीन महिन्यांनी बंदच केल्या. दुसऱ्यानं पोरांना द्यायचं थांबवलं. तिसऱ्यानं पोरांना हाकलून लावलं आणि तो अजून विकतोय, हे पण लिहायला पाहिजे.

हे करताना मुलींनी अजून एक गोष्ट काढली. पोरांनी एक सर्व्हे पण केलेला, त्यात विचारलेलं, संध्याकाळी तू काय करतेस? कितीतरी मुलींनी लिहिलेलं की आईबरोबर विड्या वळते. अभ्यास कधी, तर जेवणानंतर, झोप येईपर्यंत. मग मुलींनी मागणी काढली की ग्रामपंचायतीचं वाचनालय, आता त्याला अरिवु केंद्र म्हणतात, ते संध्याकाळी उघडं ठेवा, मुलींना बसायला जागा होईल, आणि घरात पण सांगता येईल की तिकडं जायचंय.

आपल्या कर्नाटकात मुलांची वेगळी ग्रामसभा असते, मक्कळ ग्रामसभा, हे मराठी पालकांतल्या कितीजणांना माहीत आहे? मला तरी नव्हतं. अधिकारी समोर बसतात आणि पोरं प्रश्न मांडतात. पण कागद कन्नडमध्ये द्यायचा. आमच्या पोरांना कन्नड शाळेत आहे, पण मनवी, म्हणजे अर्ज, लिहिण्याइतकं येत नाही. ती शेजारच्या कन्नड शाळेतल्या सातवीकडं गेली, दोन्ही वर्गांनी पटांगणात बसून मिळून लिहिली आणि मग ती मागणी दोन्ही शाळांची झाली. ग्रामसभेत आमच्या मुलीनं 'मान्यरे', म्हणजे आपल्या 'महोदय', पासून पुढं आख्खं पान वाचलं. दोन ठिकाणी अडखळली, तेव्हा मागनं कन्नड शाळेतली एक मुलगी हळूच शब्द सांगत होती. मी खिडकीत उभी होते, डोळे पुसत.

पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, साहेबांनी लिहून घेतलं. मग काहीच नाही. पोरं तीनदा जाऊन आली, परीक्षा झाली, सुट्टी पण संपली, तेव्हा कुठं केंद्र संध्याकाळी सातपर्यंत उघडं राहायला लागलं. आता रोज दहा-बारा मुली असतात. पायरीवरचा दिवा मात्र गेलाय आणि अंधार पडला की लहान मुलींना घरचे पाठवत नाहीत. त्याची मनवी यंदाच्या सातवीनं लिहून ठेवलीय, तपासायला कन्नड शाळेत दिलीय.