नीरेनंतरची दुपार

आई फेब्रुवारीत गेली आणि जूनमध्ये मी आळंदीला होते. मधल्या चार महिन्यांत मी काय केलं ते नीट आठवत नाही. सकाळी साडेपाचला जाग यायची, आईच्या गोळीची वेळ, आणि मग अंधारात लक्षात यायचं की आता कुणाला गोळी द्यायची नाहीये. वय सत्तावन्न. लग्न झालं नाही, आधी बाबांचं आजारपण, मग भावाचं शिक्षण, मग आईच्या खुब्याचं हाड, एकेक करत वर्षं गेली आणि नंतर लोकांनी विचारायचंही सोडलं. नोकरी सरकारी ऑफिसातली, अठ्ठावन्नला रिटायर होणार. त्यानंतर काय, हा प्रश्न मला रात्री झोपू द्यायचा नाही.

आईने जन्मभर एकादश्या धरल्या पण पायी वारी तिला कधी घडली नाही. तिची तुळशीची माळ माझ्या गळ्यात होती. शिल्लक रजा होती ती सगळी टाकली. भाऊ म्हणाला, अगं या वयात, झेपेल का? मी उत्तर दिलं नाही.

प्रस्थानाची गर्दी, पुण्याचा मुक्काम, दिवेघाट एकादशीच्या दिवशी, उपासाच्या पोटी. सासवड. जेजुरीला अंगावर भंडारा पडला तो दोन दिवस केसांतून निघत नव्हता. हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. मला त्या पहिल्या आठवड्यातलं जास्त आठवतं ते म्हणजे चिडचिड. राहुटीत आम्ही सोळा बायका, कुशीवर वळायचं तर शेजारणीला सांगून वळायचं, पहाटे तीनला टँकरपाशी बादल्यांची लाइन, त्यात रोज कुणीतरी नवीन बाई प्रेमाने विचारणार, "माउली, मुलं काय करतात?" नाहीत म्हटलं की चेहरा पडायचा आणि मग ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची. तो हात मला नको असायचा. आणि त्याच बाईबरोबर संध्याकाळी हरिपाठाला उभं राहिलं की गळा भरून यायचा, मला कळायचं नाही की मी चिडले आहे की रडते आहे.

नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान झालं आणि आम्हीही पाण्यात उतरलो. मी बूट-मोज्यांसकट उतरले. इतकं बरं वाटलं त्या गार पाण्यात की बाहेर आल्यावर मोजे काढायचे, पाय कोरडे करायचे हे काही सुचलंच नाही, दिंडी निघालेली, टाळ सुरू झालेले, मी तशीच चालायला लागले. पाडेगाव मागे पडेपर्यंत टाचेखाली काहीतरी सरकल्यासारखं व्हायला लागलं. मग चवड्याखाली. ऊन असं की डांबर मऊ झालेलं, आणि ओल्या बुटात पाय उकडल्यासारखे. प्रत्येक पाऊल मोजून टाकत होते. ज्ञानोबा माउली तुकाराम म्हणायचं तर तोंडातून शब्द निघत नव्हता, दात आवळलेले होते. शेवटी दिंडी पुढे जाऊ दिली आणि रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली बसले. शेकडो माणसं समोरून जात होती आणि मला पहिल्यांदा आईचा राग आला. इतकी वर्षं तुझं केलं आणि आता हे पाय असे, असं काहीतरी मनात आलं. मेलेल्या आईवर रागावणं हे पाप आहे असं मला वाटायचं. त्या बाभळीखाली मी ते केलं.

आमच्याच दिंडीतल्या एक माउली मागे वळून आल्या. परभणीकडच्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील, रोज डोक्यावर तुळस घेऊन चालायच्या, कुणाशी फार बोलायच्या नाहीत. तुळस त्यांनी दुसरीच्या डोक्यावर दिली होती. माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "काढा ती बुटं. पाय द्या हिकडं."

मी म्हटलं नको, घाण झालेत. त्यांनी ऐकलं नाही. माझा पाय उचलून त्यांनी सरळ मांडीवर घेतला, लुगड्यावर. कनवटीतून एक छोटी डबी काढली, त्यात सुई, पांढरा दोरा, खोबरेल तेलाची इवलीशी बाटली. काडी ओढून सुई तापवली, दोरा तेलात भिजवला आणि फोडाच्या एका कडेने सुई घालून दुसऱ्या कडेने काढली. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी त्या दोऱ्यावरून थेंब थेंब बाहेर यायला लागलं. "कातडी काढायची न्हाई. दोरा राहू द्या, रातभर निचरंल." असे पाच फोड होते. पाचही त्यांनी असेच, घाई न करता केले. मग टाचेपासून बोटांपर्यंत तेल लावलं, अंगठ्याच्या खाचेत, बोटांच्या मधे, जिथे दुखत नव्हतं तिथेसुद्धा.

अकरा वर्षं मी रोज रात्री आईच्या पायाला तेल लावलं. कुठली शीर कुठे दुखते, टाच किती दाबायची, हे माझ्या हातांना पाठ आहे. पण माझा पाय कुणी मांडीवर घेतला, हे आठवायला गेले तर लहानपणच आठवलं, त्यानंतर कुणीच नाही. मला हुंदका आवरेना. त्यांना वाटलं दुखतंय. मी आईचं सांगितलं, सगळं, तो रागसुद्धा. त्या ऐकत होत्या, हात थांबला नाही. नंतर एवढंच म्हणाल्या, "दिलंया न्हवं तुम्ही लई? मंग आता घ्या की जरा. लाजायचं काय त्यात." आणि डबी बंद केली.

लोणंदपर्यंत त्यांच्या खांद्यावर हात टाकून अनवाणी चालले. पोहोचलो तेव्हा अंधार पडलेला. दुसऱ्या दिवशी पालखी दुपारी हलते आणि तरडगावचा टप्पाही छोटा, त्यामुळे पायांना अर्धा दिवस मिळाला. त्या अर्ध्या दिवसात त्यांनी मला विचारलं की तुम्ही हापिसात लिहिता ना, मग मला माउलींचं नाव लिहून दाखवता का. सगळा हरिपाठ त्यांना तोंडपाठ, सगळे अभंग, एक शब्द चुकत नाही, पण अक्षर ओळख नाही. माझ्या वहीच्या मागच्या पानावर मी मोठ्ठं करून लिहिलं, ज्ञानेश्वर. मुलांना आपण ग गणपतीचा पासून शिकवतो. त्यांनी ज्ञ पासून सुरुवात केली. त्या अक्षराला किती वळणं आहेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, कारण त्या प्रत्येक वळणाला श्वास धरून थांबायच्या. फलटण, बरड, नातेपुते, रोज विसाव्याला वही निघायची. बाकीच्या बायका बघायला लागल्या. माळशिरसपर्यंत वहीभोवती सात जणी बसायच्या, एकीला फक्त नातवाचं नाव लिहायचं होतं, एकीला बँकेत अंगठा द्यायचा नव्हता. मुलं काय करतात हे मला परत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी चाललं असतं.

रिंगणाबद्दल लिहीत नाही, अश्व समोरून गेला तेव्हा डोळे मिटले गेले होते माझे.

आता वीणेचं सांगते, ते सांगायला थोडं जड जातं. आमच्या दिंडीचे वीणेकरी, साताऱ्याकडचे, एसटीतून रिटायर झालेले, पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली. वीणा खाली ठेवायची नसते, पहारा बदलला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वेळापूरच्या अलीकडे त्यांना चक्कर आल्यासारखं झालं आणि जवळ मीच होते. त्यांनी वीणा काढली आणि माझ्यासमोर धरली. आमच्या दिंडीत बाईच्या गळ्यात वीणा मी तरी पाहिली नव्हती. मागून एकजण कुरकुरला, दिंडीचालक म्हणाले, चालू द्या. मी वीणा घेतली. आणि रिवाजाप्रमाणे ते माझ्या पाया पडले, मी त्यांच्या. त्यांच्या कपाळाचा घाम माझ्या पावलाला लागला, जिथे दोऱ्यांच्या खुणा अजून होत्या. दहा-पंधरा मिनिटं असेन मी वीणेकरी. ती एक तार आणि माझी छाती, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. नंतर धाव्याला, म्हणजे जिथे सगळे पंढरीच्या ओढीने धावत सुटतात तिथे, मी पळाले, सत्तावन्नाव्या वर्षी उतारावरून, केस सुटलेले, आणि खाली ते पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते.

पंढरपुरात दर्शनाची रांग बघून कळसाचं दर्शन घेतलं, नामदेव पायरीवर डोकं ठेवलं, आईची माळ चंद्रभागेत सोडायची ठरवून आले होते ती सोडली नाही. गळ्यातच आहे.

त्याला आता तीन वर्षं झाली. वीणेकरी रोज रात्री हरिपाठ झाला की फोन करतात. आधी पायांची चौकशी, मग त्यांच्या शेतातल्या सोयाबीनची, मग जे सुचेल ते. लग्नाचं आम्ही बोललो आहोत, घाई दोघांनाही नाही. भावाला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, लोक काय म्हणतील. मी त्याला म्हटलं, तुझी फी भरली तेव्हा लोकांना विचारलं होतं का मी? हे बोलून नंतर वाईट वाटलं, पण परत घेतलं नाही. माझं वीणेकऱ्यांवर प्रेम आहे. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. हैबतबाबांचं अर्धं आयुष्य शिंद्यांच्या चाकरीत गेलं आणि मग आळंदीला येऊन त्यांनी हा सोहळा उभा केला, त्यांची गोष्ट मला हल्ली फार जवळची वाटते.

दुपारच्या विसाव्याला वही आता दरवर्षी निघते. गेल्या वर्षी एकोणीस जणी होत्या, पाट्या मी रिटायरमेंटच्या पैशातून घेतल्या. वर्षभर पाच-सहा जणींचा फोनवर अभ्यास चालतो, कुणी रानातून बोलते, कुणी भाकरी थापता थापता.

परवा परभणीच्या माउलींचा मेसेज आला. नातीने टाइप केलेला नाही, त्यांनी स्वतः.

"सुइ घेतली दोरा घेतला तुमी बुट आनू नका"