लिनक्सवर विंडोज एक्सपी: जुन्या मराठी फायलींसाठी एक आभासी संगणक

पेजमेकर या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडलेली आणि श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये टाइप केलेली एखादी जुनी स्मरणिका आजच्या संगणकावर उघडायची झाली तर काय काय अडते, हे त्या काळात डीटीपीचे काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको. फाईल शाबूत असते, तिच्या नावापुढचे 'पी६५' किंवा 'पीएमडी' हे शेपूट ओळखीचे असते, पण ती उघडणारे सॉफ्टवेअर संगणकात नसते आणि असले तरी ते आजच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर धड चालेलच याची खात्री नसते. आमच्या वाचनालयाच्या जुन्या वार्षिक अंकांचे पीडीएफ करण्याचे आणि त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. ते मी लिनक्स मिंटवर बसवलेल्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे एका संगणकाच्या पोटात दुसरा आभासी संगणक उभा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, विंडोज एक्सपी चालवून करतो. ही व्यवस्था कशी लावली आणि तीच का निवडली, ते इथे लिहितो.

माझे यंत्र विंडोज ११ च्या टीपीएम २.० या सुरक्षा चिपच्या अटीत बसत नव्हते आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, म्हणून ते लिनक्सवर गेले. लिनक्सवर पहिला पर्याय सुचतो तो लिब्रेऑफिसचा, कारण २०१५ पासून त्यात पेजमेकरच्या फायली वाचण्याची सोय आहे. चित्रे आणि चौकटी बऱ्यापैकी जागेवर येतात, पण मजकुराची मांडणी विस्कटते आणि मूळ फाँट नसल्यास मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. दुसरा पर्याय वाइन. विंडोजचे अनेक प्रोग्रॅम वाइन थेट लिनक्सवर चालवते, पेजमेकरही कदाचित चालवील. अडचण आहे ती लॉकची. त्या काळच्या मराठी टायपिंगच्या अनेक व्यावसायिक संचांबरोबर एक डाँगल येई, ज्याला डीटीपीवाले सरळ 'लॉक' म्हणत. ते पोर्टला लावलेले नसेल तर संच चालू होत नसे. हे लॉक ओळखणारा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, बसतो आणि वाइनमध्ये तर विंडोजचे कर्नेलच नसते. बरे, खरे विंडोज वापरावे म्हटले तर चौसष्ट बिटांचे विंडोज बत्तीस बिटांचा ड्रायव्हर लोडच करत नाही. थोडक्यात, मला नुसता पेजमेकर नको होता. मला त्याच्याभोवतीचे सगळे, म्हणजे कर्नेल, ड्रायव्हर, फाँट आणि कीबोर्ड मांडणीसकट पूर्ण बत्तीस बिटांचे विंडोज हवे होते.

डिस्कचे दोन भाग करून एक्सपी शेजारी बसवावे, असे काही जण अजूनही सुचवतात. नव्या यंत्रांसाठी मला हा सल्ला निरर्थक वाटतो. आजच्या मदरबोर्डच्या ग्राफिक्सला, ध्वनीला आणि डिस्क कंट्रोलरला एक्सपीचे ड्रायव्हर मिळत नाहीत. व्हर्च्युअल मशीनमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे एक्सपीला खरे हार्डवेअर दिसतच नाही. त्याला दिसतो तो सॉफ्टवेअरने उभा केलेला, त्याच्याच पिढीतला एक संगणक.

हा आभास उभा करणे इंटेलच्या प्रोसेसरवर फार काळ अवघड होते, आणि त्याचे कारण मनोरंजक आहे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर हे तंत्र १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातच चालत होते. त्याची शास्त्रीय अट पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडली: यंत्राच्या अवस्थेला हात लावणारी प्रत्येक आज्ञा, ती अधिकार नसलेल्या प्रोग्रॅमने दिली तर, अडवली गेली पाहिजे, म्हणजे आभासी संगणक चालवणारा, वर बसलेला नियंत्रक मध्ये पडून तिचा परिणाम त्या संगणकातल्या पाहुण्या सिस्टीमपुरता घडवून आणू शकेल. इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरवर 'पॉपएफ' नावाची एक आज्ञा आहे, जी इतर गोष्टींबरोबर इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरकडून मध्येच येणाऱ्या हाका, चालू-बंद करणारा बिटही बदलते. अधिकार नसताना ती दिली तर प्रोसेसर तक्रार करत नाही. तो बिट तसाच ठेवून मुकाट्याने पुढे जातो. पाहुण्या कर्नेलला वाटते की इंटरप्ट बंद झाले, नियंत्रकाला काही कळलेलेच नसते, आणि दोघांचा हिशेब तिथून चुकत जातो. अशा आज्ञा एक-दोन नव्हत्या. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने यावर मात केली ती पाहुण्याच्या कर्नेलचा कोड चालता चालता तपासून, धोक्याच्या आज्ञा बदलून. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच पाहुण्यांसाठी वेगळी अवस्था दिली. त्या अवस्थेत पाहुणे कर्नेल आपल्या नेहमीच्या अधिकारांनिशी चालते, पण नियंत्रकाने ठरवून दिलेल्या प्रसंगी प्रोसेसर आपणहून त्याच्याकडे परततो.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन ही सोय चालू आहे ना, हे आधी पाहावे. इंटेलच्या यंत्रांत ती 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' आणि एएमडीच्या यंत्रांत 'एसव्हीएम' या नावाखाली असते, आणि अनेक यंत्रे ती बंद ठेवूनच घरी येतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.१ आवृत्तीपासून तिच्याशिवाय काहीच चालत नाही. लिनक्सवर आणखी एक नवी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: कर्नेल ६.१२ पासून केव्हीएमचे, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या आभासी संगणकांच्या सोयीचे, मोड्यूल लोड होताच प्रोसेसरची ही सोय आपल्या ताब्यात घेते आणि मग व्हर्च्युअलबॉक्सचे मशीन सुरू व्हायला नकार देऊ शकते. केव्हीएमचे मोड्यूल उतरवले की काम भागते. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स वापरणाऱ्यांना याचेच दुसरे रूप भेटते. हायपर-व्ही ही विंडोजची स्वतःची आभासी संगणकांची सोय किंवा तिच्यावर उभी असलेली एखादी सोय चालू असली तर मशीनच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसते. मशीन चालते, पण कासवाच्या चालीने. इतका प्रामाणिक आयकॉन मी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेला नाही. एम मालिकेची चिप असलेल्या मॅकवर मात्र हा मार्गच वेगळा होतो, कारण तिथे एक्सपीसाठी सबंध इंटेल प्रोसेसरच सॉफ्टवेअरने वठवावा लागतो आणि तो वेग सहन करणे ज्याच्या त्याच्या संयमावर आहे.

नवे मशीन तयार करताना यादीतून 'विंडोज एक्सपी, बत्तीस बिट' निवडले की बहुतेक गोष्टी आपोआप बरोबर येतात. त्या बदलण्याचा मोह मात्र टाळावा. डिस्कसाठी आयडीई कंट्रोलरच राहू द्यावा. साटा जलद म्हणून तो निवडला तर एक्सपीच्या मूळ सीडीत त्याचा ड्रायव्हर नसल्यामुळे बसवणीच पुढे सरकत नाही. नेटवर्क कार्ड 'पीसीनेट' या जुन्या घराण्याचे असते, ते एक्सपी जन्मतः ओळखते. मेमरी ५१२ एमबी पुरे. एक्सपी २००१ मध्ये आले तेव्हा मायक्रोसॉफ्टची शिफारस १२८ एमबीची होती, त्यामुळे एवढ्यातही पेजमेकरला ऐसपैस जागा मिळते. परवान्याचा प्रश्न प्रत्येकाने आपापला पाहावा. जुन्या संगणकाबरोबर आलेली ओईएम प्रत त्या संगणकाशीच बांधलेली असते, सुटी विकत घेतलेली प्रत नव्या जागी हलवता येते. वाचनालयाकडे सुदैवाने सुटी प्रत होती.

खरी कसोटी लॉकची. आमचे लॉक यूएसबीचे आहे, म्हणून निभावले. त्याआधीच्या पिढीतली, प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागणारी लॉक असती तर हा खटाटोप बहुधा इथेच थांबला असता, कारण माझ्या यंत्राला ते पोर्टच नाही. लिनक्सवर आपल्या वापरकर्त्याला 'व्हीबॉक्सयूजर्स' या गटात घालावे लागते आणि एकदा लॉगआउट करून परत यावे लागते. तोपर्यंत यूएसबीची यादी रिकामीच दिसते. मशीनच्या सेटिंगमध्ये यूएसबी २.० चा कंट्रोलर निवडावा, ३.० चा नको, कारण एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. मग त्या लॉकच्या नावाचा फिल्टर घातला की मशीन सुरू होताच लिनक्स ते सोडून देते आणि एक्सपीच्या कोपऱ्यात 'नवीन हार्डवेअर सापडले' हा फुगा वर येतो. त्या फुग्याकडे पाहून इतका आनंद होईल, असे २००५ साली मला कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, म्हणून या मशीनला इंटरनेट नाही म्हणजे नाही. अडॅप्टर 'न जोडलेला' ठेवला आहे. फायलींची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून होते आणि हे फोल्डर नेटवर्क कार्डावर अवलंबून नसतात, त्यासाठी फक्त एक्सपीत व्हर्च्युअलबॉक्सची गेस्ट ॲडिशन्स ही पूरक साधने बसवावी लागतात. मी दोन फोल्डर ठेवले आहेत: मूळ अंकांचा फोल्डर एक्सपीला फक्त वाचता येतो, आणि तयार झालेले काम ठेवण्यासाठी दुसरा फोल्डर लिहिण्याजोगा आहे. पेजमेकरची फाईल उघडून चुकून 'सेव्ह' दाबले जाणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे.

पीडीएफ करण्याची वाट सरळ आहे. एक्सपीत पोस्टस्क्रिप्ट या पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेतल्या प्रिंटरचा ड्रायव्हर आधीच असतो. प्रिंटर जोडलेला नसला तरी 'फाईलमध्ये प्रिंट करा' म्हणून पोस्टस्क्रिप्ट फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायची आणि लिनक्सवर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने तिचा पीडीएफ करायचा. फाँट पोस्टस्क्रिप्टमध्येच बांधले गेल्यामुळे पान जसे होते तसे उतरते, अगदी शुभेच्छांच्या जाहिरातींच्या नक्षीदार चौकटींसकट.

मजकूर युनिकोडमध्ये आणणे मात्र किचकट आहे. या जुन्या फाँटांत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने नव्हे, तर डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'स्थिती' या शब्दात पहिली वेलांटी सर्वांत आधी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये मात्र वेलांटी थ च्या नंतर येते. 'धर्म' मध्ये जुना फाँट ध, म आणि शेवटी रफार असे ठेवतो, तर युनिकोडला र् हा म च्या आधी हवा असतो. ढोबळ कन्व्हर्टर वेलांटी उचलून फक्त पुढच्या एका चिन्हापलीकडे ठेवतो आणि 'सि्थती' असे काहीतरी तयार होते. संकेतस्थळांवर असे मोडके शब्द आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. कन्व्हर्टर नीट लिहायचा तर वेलांटी पूर्ण जोडाक्षर ओलांडेपर्यंत थांबायला शिकवावे लागते. शिवाय प्रत्येक घराण्याच्या फाँटाचा तक्ता वेगळा. एक्सपीतला खरा फाँट समोर असल्याचा उपयोग इथे होतो: शंका आली की त्या क्रमांकाचे चिन्ह प्रत्यक्ष पाहता येते, आणि रूपांतरित मजकूर मूळ पानाशेजारी खिडकी लावून वाचता येतो.

सगळे नीट बसल्यावर मी एक स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेतला. त्यानंतरचे प्रत्येक लेखन वेगळ्या फाईलमध्ये होत असल्यामुळे काही बिघडले तर क्षणात मागे जाता येते. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, कारण खालची मूळ डिस्क फाईल गेली तर वरचे सगळेच जाते. म्हणून मशीन बंद करून तिचा पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर ठेवला आहे, आणि सोबत त्या आभासी डिस्कची एक साधी, कच्च्या स्वरूपातली प्रतही, जी व्हर्च्युअलबॉक्स नसले तरी क्यूईएमयू या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालवता येईल. प्रत करता येत नाही ती फक्त लॉकची, आणि ते आता वीस वर्षांचे झाले आहे. त्यामुळे कामाचा क्रम अंकांच्या वर्षांप्रमाणे न लावता, ज्या फाँटांना हे लॉक लागते त्यांतले अंक मी आधी घेतो आहे. लॉकविना उघडणारे थांबू शकतात.