कारवी गेल्या वर्षी फुलली, मी यंदा गेले

शीर्षकातच सगळा घोटाळा सांगून टाकलाय. कारवीने जांभळे झालेले हरिश्चंद्रगडाचे उतार बघायला आला असाल तर इथूनच परत फिरा, माझ्याकडे एकही तसला फोटो नाही.

गेल्या सप्टेंबरात भाच्याचा फोन आला होता, "मावशी, पाचनईच्या वाटेवर कारवी फुललीय, शनिवारी निघू." मी म्हटलं, पुढच्या शनिवारी. मग घरचे गणपती, मग ऑफिसातलं ऑडिट, मग गुडघा. यातलं गुडघ्याचं कारण तेवढं खरं, बाकीची दोन आळसाची. माझा डावा गुडघा उतरताना वाजतो. दुखत नाही फारसा, पण वाजतो, आणि भाचा मागून मोजत येतो.

कारवी मात्र कोणाच्या ऑडिटसाठी थांबत नाही. हे झुडूप सात वर्षं नुसती पानं आणि काठ्या वाढवतं. कारवी मग एका पावसाळ्यात डोंगरभर एकदम फुलते, बी धरते आणि मरून जाते. सगळ्या सह्याद्रीचं साल एक असतं असंही नाही. या डोंगराचं वेगळं, पलीकडच्याचं वेगळं. म्हणून तर यंदा निघताना आशा होती की एखादा उशिरा जागा झालेला पट्टा सापडेल. नाही सापडला.

पुण्याहून पहाटे चारला निघालो. आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, मग गडाच्या पायथ्याचं पाचनई. कोतूळच्या पुढे भातखाचरं पोपटी झालेली आणि रस्ता नावापुरता. पाचनईत गाड्या लावायला जागा नव्हती, यावरूनच पुढचं समजायला हवं होतं.

पाचनईची वाट गडाच्या सगळ्या वाटांत सोपी. खिरेश्वरहून तोलार खिंडीने येणारी लांबलचक, नळीची वाट तर माझ्यासारखीने फक्त खालून बघावी. सोपी म्हटल्यावर गर्दी आलीच. पण गर्दीलाही काही रीत असते की नाही? एकाच रंगाचे टीशर्ट घातलेली ऐंशी-नव्वद पोरं एका दमात वर सोडली होती कोणीतरी. एका कातळटप्प्यावर रेलिंग आहे, तिथे आम्ही पाऊण तास रांगेत उभे. रेशनच्या रांगेत निदान ओळखीची माणसं भेटतात. इथे पुढच्याच्या पाठीवरच्या स्पीकरवर एकच गाणं तिसऱ्यांदा लागलं होतं आणि वर प्रचंड कातळाचं छत पुढे झुकलेलं, त्यावरून पाण्याच्या धारा पडद्यासारख्या पडत होत्या. त्या धारांचा आवाज ऐकायला मी पुण्याहून इथवर आले होते. मी त्या पोराला म्हटलं, "बाळा, जरा बंद कर ना." त्याने आवाज कमी केला, बंद नाही केला. भाचा म्हणाला, "मावशी, एवढंही मिळालं हे पुष्कळ."

रांगेत उभं राहून एक झालं, फुलं नीट बघता आली. चालताना मी फक्त पाय कुठे टाकायचा तेवढंच बघते. ओल्या कातळावर सीतेची आसवं, करंगळीच्या नखाएवढी निळी-जांभळी, वाकल्याशिवाय दिसत नाहीत. तेरड्याचे गुलाबी गालिचे. वरच्या सपाटीवर सोनकी, आणि सोनकी म्हणजे काय, कोणी हळद सांडून तशीच ठेवून गेल्यासारखी. पण या सगळ्यातून मधेमधे तपकिरी काठ्यांचं रान उभं होतं. उंच, पानं नसलेलं, आडवंतिडवं. पहिल्यांदा मला वाटलं वणवा लागून गेलाय. भाचा काही बोलला नाही. मग माझ्या लक्षात आलं, हीच ती. गेल्या वर्षीची.

मंदिरापाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर वरून उतरत जाताना आधी शिखर दाखवतं, मग हळूहळू बाकीचं. सोळा मीटरच्या आसपास उंची, पण खोलगट जागेत असल्यामुळे ते डोळ्यांवर चाल करून येत नाही. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमाशी बारा शिवमंदिरं बांधली, त्यातलं हे एक, अशी परंपरा. इथून मंगळगंगा निघते. चांगदेवांनी 'तत्त्वसार' हा ग्रंथ इथे बसून लिहिला असं सांगतात. मला ते पटतं, कारण शनिवार वगळता इथे बसून लिहिण्याशिवाय दुसरं करण्यासारखं काही नसणार. पुष्करणीच्या काठाच्या देवळ्या रिकाम्या आहेत, त्यातल्या मूर्ती कधीच्याच हलवल्यात. एका देवळीत कोणीतरी चिवड्याचं पाकीट खोचून ठेवलं होतं. ते मी काढून पिशवीत टाकलं आणि पुढचा तासभर त्याचा अभिमान बाळगला.

केदारेश्वराच्या गुहेत मी उतरले नाही. मोठ्ठं शिवलिंग, चहूबाजूंनी कमरेएवढं पाणी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. एकेक युग संपताना एकेक खांब पडला, चौथा पडला की कलियुग आणि जग दोन्ही संपणार, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. भाचा उतरला, प्रदक्षिणा घालून आला, दातांचा ताशा वाजत होता. "खांब ठीक आहे," म्हणाला.

कोकणकड्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. धुकं होतं. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला इथे इंद्रवज्र दिसलं, म्हणजे अख्खं गोल इंद्रधनुष्य आणि मधे स्वतःची सावली. आम्हाला आमचे बूट दिसले. तारामती शिखरावर गेलोच नाही.

तर आता मुख्य गोष्ट.

परतताना पावसाची सर आली म्हणून एका झोपडीत शिरलो. गडावर अशा बऱ्याच आहेत, पाचनईची माणसं शनिवार-रविवारी चालवतात. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदाभजी, लिंबू सरबत. मॅगीही, पण मॅगी मागणाऱ्याकडे तिथली बाई जरा दयेने बघत होती असं मला वाटलं. वय माझ्याएवढंच असेल, दोन-चार वर्षं इकडेतिकडे. भाच्याने तिला मावशी म्हटलं, मग मला मावशी म्हटलं, तेव्हा दोघींनी एकदम "काय?" केलं.

चुलीपाशी शेकत बसले तेव्हा भिंतीकडे लक्ष गेलं. कुडाची भिंत, अर्धी शेणामातीने लिंपलेली, अर्धी उघडी. उघड्या अर्ध्यात काठ्याच काठ्या, एकीला एक लावून बांधलेल्या.

"ही कारवी का हो?"

"मंग काय. घर कारवीचंच असतंय आमचं." भाकरी थापत थापत ती म्हणाली. "फुलं बगायला आलता व्हय ताई? फुलली की गेल्या साली. लई माणूस आलं. औंदा काय, बोंडं न् काठ्या."

मी सांगितलं, गेल्या वर्षी यायचं होतं, जमलं नाही. ऑडिटचं नाही सांगितलं. तिच्यासमोर तो शब्द काढायची लाज वाटली.

तिने तव्यावरची भाकरी उलटली, उठली, आणि आढ्याला खोचलेली वाळक्या काड्यांची एक जुडी काढून आणली. टोकाला तपकिरी बोंडांचे झुबके. आढ्याला धूर आणि ऊब, म्हणून ती पावसाळाभर कोरडी राहिली होती. बाहेरची सगळी जूनमध्येच फुटून गेली, ती म्हणाली. पहिला पाऊस पडला की रात्रभर डोंगर तडतडतो, लाह्या फुटल्यासारखा. लहान असताना त्या आवाजाने ती झोपायची नाही.

मग तिने दोन-चार बोंडं खुडली, भाच्याच्या तळहातावर ठेवली आणि तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून त्यांवर शिंपडली. "गप बसा," म्हणाली. आम्ही गप बसलो. बाहेर कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. चुलीत लाकूड सरकलं. काही झालं नाही. भाचा माझ्याकडे बघून हसायच्या बेतात होता, आणि टच्. बोंड उभं चिरलं आणि एक चपटी बी त्याच्या चष्म्यावर येऊन आपटली. अठ्ठावीस वर्षांचा घोडा, दचकून मागे पडला. मग दुसरं, टच्. तिसरं कुठे गेलं कळलंच नाही, पिठाच्या परातीत बहुतेक. बाई पदर तोंडाला लावून हसत होती, मी हसत होते, आणि भाचा पुढचं बोंड मागत होता. आम्ही जुडीतली निम्मी बोंडं संपवली. ती "पुरे" म्हणाली नाही. तिलाच आणखी हवी होती असं दिसलं. ते लहानपणी ओढ्याकाठी बोंडं भिजवून एकमेकांच्या अंगावर उडवायचे म्हणे.

सर थांबली तशी तिने झोपडीच्या मागे नेऊन दाखवलं. मेलेल्या काठ्यांच्या बुडाशी, सोनकीच्या आडोशाला, बोटाबोटाएवढी हिरवी रोपं. मेथी पेरल्यासारखी दाट. आम्ही सकाळी तिथूनच गेलो होतो, मी त्यांना गवत समजले होते.

मी हिशेब केला. पुढच्या फुलोऱ्याला मी साठ ओलांडलेली असणार. तिला म्हटलं तसं. ती म्हणाली, "मंग काय, माजी आई सत्तरीतबी वर यायची." यावर काय बोलणार. गुडघा दाखवायचा मोह मी आवरला.

भाकरीचे पैसे दिले, बोंडांचे तिने घेतले नाहीत. वर उरलेली पाच-सहा बोंडं वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिली, घरी नातवंडांना दाखवा म्हणून. मला नातवंडं नाहीत, पण कागद घेतला. आता कबुली: हे अभयारण्य आहे, इथून पानही उचलू नये असं मी दर ट्रेकला चार जणांना ऐकवते. चिवड्याच्या पाकिटाचा अभिमान तिथेच संपला. पुडी रेनकोटच्या खिशात गेली.

उतरताना पुन्हा पाऊस, आणि चांगलाच. रेलिंगपाशी यावेळी रांग नव्हती, स्पीकरवालाही नव्हता. कातळाच्या छताखालून धारा धो धो कोसळत होत्या, त्यांच्या खालून जाताना मी नखशिखांत भिजले. रेनकोटचा खिसाही भिजला असणार, माझ्या डोक्यात नाही आलं.

गाव दिसायला लागलं तेव्हा मागून भाचा म्हणाला, "अकरा."

"काय अकरा?"

टच्.

"बारा. मावशी, आज फारच वाजतोय गं. सपाटीवरसुद्धा?"

मी थांबले. पाय हलवला नाही. टच्. कमरेपाशी काहीतरी आतून टोचलं. खिशात हात घातला तर कागदाचा लगदा आणि त्यात फुटलेली टरफलं. वाटेच्या कडेला, चिखलातच, मी खिसा उलटा केला आणि झटकला. दोन बिया शिवणीत अडकल्या होत्या, त्या भाच्याने नखाने काढल्या.