गुलाबी खोली कुठंय?

यंदा दसऱ्याच्या आधी घराला रंग काढला. डोंबिवलीतला आमचा टू बीएचके, बावीस वर्षांचा झाला आता, आणि या वेळी सगळ्या घराला मिळून एकच रंग. हॉल, किचन, दोन्ही खोल्या, पॅसेज, सगळीकडे तोच. कोणता म्हणून विचाराल तर घरात तीन उत्तरं मिळतील. बायको म्हणते सायीचा, म्हणजे म्हशीच्या दुधावरची, रात्रभर फ्रीजमध्ये राहून जरा पिवळट झालेली ती साय. पेंटर त्याला हाफ व्हाइट म्हणायचा. आणि आई म्हणते, "मळका पांढरा. एवढे पैसे घालून जुनंच दिसतंय की रे घर."

आईचं चुकत नाही तसं. तिच्या हिशोबात रंग काढला की काढल्यासारखा दिसला पाहिजे. आधी आमचा हॉल पिस्ता होता, किचन आकाशी, आमची खोली लिंबू कलर आणि आईची खोली गुलाबी, तीही साधीसुधी नाही, लग्नाच्या मंडपासारखी. हॉलमधून पॅसेजमध्ये पाय टाकला की पिस्ता संपून गुलाबी सुरू व्हायचं, तिथे दोन रंगांच्या मधली रेघ कधीच सरळ आली नाही, बावीस वर्षं ती वाकडी रेघ बघत मी बाथरूमला गेलोय.

तर मला वाटलं एकच रंग म्हणजे डोक्याला ताप नाही. तीन आठवडे लागले ठरवायला! शेडकार्डात पांढऱ्याच्या शेजारी पांढरे, त्याच्या शेजारी आणखी पांढरे, आणि दुकानात ट्यूबलाइटखाली सगळे सारखेच. शेवटी पेंटरच म्हणाला, साहेब छोटे डबे आणा, भिंतीवर लावून बघा. मग हॉलच्या भिंतीवर चार ठिगळं लावली, दोन-दोन फुटांची. सकाळी चारही बरी दिसली. दुपारी एक राखाडी झालं. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन आत आलं तर एक चक्क पीच कलरचं, आणि रात्री ट्यूब लावली तर त्याच पीचची शिळी कणिक झाली.

तेव्हा कुठे कळलं की दोष रंगाचा नव्हता, ट्यूबचा होता. खोक्यावर 6500 केल्विन लिहिलेलं असतं ना, तो निळसर उजेड, त्यात उबदार रंगातली ऊब मरते. 3000 चा बल्ब लावला की तीच भिंत परत सायीवर येते (आकडा कमी आणि उजेड जास्त पिवळा, हे उलटं गणित मला अजून लक्षात राहत नाही, दर वेळी खोका वाचतो). हॉलमध्ये आता 3000, किचनमध्ये मात्र 6500 च ठेवली कारण आई म्हणाली तुझ्या त्या हॉटेलच्या उजेडात मला तांदळातले खडे दिसत नाहीत.

रंग बनवायला मी मुद्दाम दुकानात उभा राहिलो. पांढऱ्या बेसची बादली मशीनखाली ठेवली, दुकानदाराने शेडचा कोड टाकला, वरून बारीक धारा पडल्या, थोडा पिवळा, त्याहून कमी लाल आणि नावाला काळा. स्क्रीनवर यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड अशी नावं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे पिवडी आणि गेरूच की! आणि बरोबर आहे, ते दोन्ही लोखंडाचे ऑक्साइडच, गंजाच्या घरातले. तिच्या माहेरी दिवाळीआधी चुन्याची कळी पिंपात भिजवायचे, ती खदखदा उकळायची, पोरांना जवळ येऊ द्यायचे नाहीत, मग त्यात चिमूटभर नीळ आणि बाहेरच्या खोलीला पिवडी. कुंच्याने मारताना भिंत कळकट दिसायची आणि वाळेल तशी उजळत जायची. "तुझ्या बादलीचे किती झाले?" मी आकडा सांगितला नाही.

मग 8 दिवस पत्रा, पुट्टी, पॉलिश पेपरची धूळ, कपाटांवर आईच्या जुन्या साड्या, आणि आम्ही चौघं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बिऱ्हाड हलवतोय. 20 लिटरची बादली दुसऱ्या हाताला कमी पडणार असं दिसल्यावर पेंटरने 4 लिटरचा डबा आणायला लावला आणि तो बादलीत उरलेल्या रंगात ओतून ढवळला. कोड एकच असला तरी वेगळ्या दिवशी बनवलेला रंग केसभर फरकाने येऊ शकतो म्हणे, आणि तो फरक नेमका भिंतीच्या मधोमध उघडा पडतो. हा माणूस दोन बोटं गुटखा दाबून बसायचा पण याबाबतीत कडक होता.

आता गंमत अशी की एकच रंग लावलाय आणि घर काही एका रंगाचं दिसत नाही. आमच्या खोलीसमोरच्या बिल्डिंगने गच्चीवर निळी ताडपत्री टाकलीय, तिचा उजेड आत येतो आणि खिडकीजवळची भिंत निळसर दिसते. पॅसेजला खिडकीच नाही, तिथे तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. आणि आईच्या खोलीत तिच्या लाल सतरंजीवर सकाळचं ऊन पडलं की खालची हातभर भिंत, आता काय सांगू, गुलाबी होते. मी तिला दाखवलं नाही, उगाच जिंकल्यासारखं करेल.

तशीही ती हरलेली नाहीच. गेल्या महिन्यात कामाला नवीन मावशी लागल्या, आईने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, गुलाबी खोलीतनं केर काढायला सुरुवात करा. मावशी झाडू घेऊन सगळं घर फिरल्या, बाल्कनीत डोकावल्या, परत हॉलमध्ये येऊन उभ्या राहिल्या.

परवा मी ऑफिसला निघालो होतो, चपला घालतोय तेवढ्यात मावशी आतून आल्या.

"दादा, गुलाबी खोलीतला बल्ब गेलाय. येताना घेऊन या."


"पिवळा की पांढरा?"

"आजींना विचारते," म्हणाल्या.