वर्गातली नवी चौकट

गेल्या आठवड्यात मुलाच्या शाळेत पालकसभेला गेलो होतो. ह्यूस्टनच्या बाहेर आम्ही ज्या उपनगरात राहतो तिथली ही सरकारी प्राथमिक शाळा. चौथीच्या वर्गात फळ्याच्या उजव्या अंगाला, पाढ्यांच्या तक्त्याशेजारी, एक नवी चौकट दिसली: सोळा इंच रुंद, वीस इंच उंच, आणि तिच्यात बायबलमधल्या दहा आज्ञा. ही मापे शाळेच्या मनाची नाहीत, ती टेक्सासच्या कायद्यातली आहेत. चौकट याहून लहान असता कामा नये, साधारण दृष्टीच्या माणसाला वर्गात कुठूनही वाचता आली पाहिजे आणि कोणी ती देणगी म्हणून आणून दिली तर शाळेने नाही म्हणता कामा नये, असे त्यात लिहिलेले आहे.

गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी जून २०२५ मध्ये सही केलेला हा कायदा १ सप्टेंबरपासून लागू झाला. त्या दिवशी आमच्याकडे गौरीपूजन होते. चौकटीतल्या पहिल्या काही ओळींतच कोरीव मूर्ती करू नकोस अशी आज्ञा आहे, आणि आमच्या चिरंजिवांनी त्याच आठवड्यात शाडूच्या गणपतीचे चित्र काढून वर्गात दाखवायला नेले होते. त्याला कोणी काही बोलले नाही, बाई तर चित्र पाहून खूश झाल्या. पण उद्या एखाद्या मुलाने भिंतीकडे बोट दाखवले तर त्या बाईंनी काय उत्तर द्यावे, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

समर्थक म्हणतात की यात धर्मप्रसार नाही, या आज्ञा म्हणजे अमेरिकी कायद्याच्या इतिहासाचा पाया आहेत. हे मला पटत नाही. या आज्ञांचा सर्वांना मान्य असा एकच पाठ अस्तित्वात नाही. ‘मी तुझा परमेश्वर आहे’ हे विधान ज्यू परंपरेत पहिली आज्ञा म्हणून मोजले जाते. कॅथलिक आणि लुथरन मोजणीत मूर्तीची बंदी स्वतंत्र धरत नाहीत आणि शेवटच्या आज्ञेचे दोन भाग करतात. टेक्सासने मात्र जुन्या प्रॉटेस्टंट इंग्रजी वळणाचा एक मसुदा शब्दशः कायद्यात घातला आहे. म्हणजे प्रश्न केवळ हिंदू, मुसलमान किंवा नास्तिक मुलांचा राहिला नाही. कोणाचे बायबल प्रमाण, याचाही निवाडा विधिमंडळाने करून टाकला.

गंमत अशी, की चर्च आणि सरकार यांच्यामध्ये भिंत असावी हा आग्रह या देशात ज्यांनी लावून धरला त्यांत बाप्टिस्ट हे प्रॉटेस्टंट पंथाचे लोक आघाडीवर होते. कनेक्टिकटमध्ये तेव्हा काँग्रिगेशनल चर्च हे राज्याचे अधिकृत चर्च होते. त्याच्यासाठी कर द्यावा लागे आणि तो चुकवायचा तर आपण दुसऱ्या पंथाचे असल्याचा दाखला सादर करावा लागे. १८०१ मध्ये डॅनबरी गावच्या बाप्टिस्टांनी अध्यक्ष जेफरसन यांना पत्र लिहून तक्रार केली की आम्हांला मिळते ते धर्मस्वातंत्र्य हक्क म्हणून नव्हे, तर मेहेरबानी म्हणून मिळते. १ जानेवारी १८०२ रोजी जेफरसन यांनी जे उत्तर पाठवले, त्यातच ती सुप्रसिद्ध ‘भिंत’ आली. कनेक्टिकटमधले सरकारी चर्च त्यानंतरही १८१८ पर्यंत टिकले.

मग तेच लोक धर्माला राजकारणात आणणाऱ्या चळवळीत, भिंतीच्या पलीकडे, कसे गेले? गर्भपाताच्या प्रश्नावरून, असे सर्रास सांगितले जाते. पण सदर्न बाप्टिस्टांच्या १९७१ च्या अधिवेशनाने तर काही परिस्थितींत गर्भपाताला कायदेशीर मुभा असावी असाच ठराव केला होता. पुढे या चळवळीचे एक शिल्पकार पॉल वायरिक यांनी स्वतःच सांगितले की ठिणगी पडली ती करखात्यामुळे. वर्णभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळा-कॉलेजांची करसवलत काढून घेण्याचा तो वाद होता. १९७९ मध्ये बाप्टिस्ट धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना उभी केली, आणि १९८० च्या निवडणुकीत तिने ज्यांना पाडण्यासाठी कंबर कसली ते तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः बाप्टिस्ट होते आणि रविवारी चर्चमध्ये बायबल शिकवत असत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कार्टर यांचे प्रतिस्पर्धी रोनाल्ड रेगन डॅलसला आले आणि भरसभेत धर्मोपदेशकांना म्हणाले, की तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझा तुम्हांला पाठिंबा आहे. देवभक्ती ही पात्रतेची कसोटी असती, तर कार्टर तिथेच जिंकायला हवे होते.

न्यायालयाचेही वारे फिरले आहे. वर्गात दहा आज्ञा लावण्याचा केंटकीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रद्द केला होता. २०२२ मध्ये मैदानावर प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल देताना याच न्यायालयाने सरकार धर्माची बाजू घेते का हे तपासण्याची तेव्हाची कसोटी बाजूला ठेवली, आणि त्यानंतर लुइझियाना, मग टेक्सास, अशी रांग लागली. टेक्सासच्या शिक्षण मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ८ विरुद्ध ७ मतांनी बायबलच्या कथा असलेले प्राथमिक धडे मंजूर केले आहेत आणि ते वापरणाऱ्या शाळांना विद्यार्थ्यामागे ६० डॉलरपर्यंत जादा रक्कम मिळू शकते. चौकटीच्या कायद्याला सॅन अँटोनिओच्या संघीय न्यायाधीशांनी ऑगस्ट २०२५ मध्ये स्थगिती दिली, पण ती खटल्यातल्या मोजक्या शाळा-जिल्ह्यांपुरती. आमचा जिल्हा त्यात नव्हता.

आमच्या शेजारी पंचाहत्तरीचे एक बाप्टिस्ट गृहस्थ राहतात. गौरींच्या जेवणाला ते दरवर्षी येतात आणि पुरणपोळीवर तूप मागून घेतात. यंदा मी चौकटीचा विषय काढला, तेव्हा मला वाटले होते की ते अवघडतील. ते म्हणाले, “आमच्या नातवंडांना या आज्ञा मी मांडीवर बसवून शिकवल्या. सरकारने त्या आग विझवायच्या नळकांड्याशेजारी टांगल्या, तर मुले त्या नळकांड्याइतक्याच वाचतील.” ते कर्मठ आहेत, गर्भपाताच्या विरोधात आहेत, मतही बहुधा ॲबट यांनाच देतात. तरीही डॅनबरीचे पत्र त्यांना ठाऊक होते.

त्या रात्री मी स्कूल बोर्डाला पत्र लिहायला बसलो. वरचे बरेचसे मुद्दे त्यात आले. शेवटी ओघात लिहून गेलो, की मी ज्या देशात वाढलो तिथल्या सरकारी शाळेत आमच्यावर असा कोणाचा धर्म लादला गेला नाही. लिहिले आणि हात थांबला. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दसऱ्याला पाटीपूजन होत असे. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचे, आपट्याचे पान ठेवायचे. माझ्या बाकावर बसणारा मुसलमान मित्र ती सरस्वती माझ्यापेक्षा सुबक काढायचा आणि मग फुले वाहायच्या वेळी दप्तरात काहीतरी शोधत बसायचा. दप्तरात तो काय शोधतोय, हे चार वर्षांत मी एकदाही विचारले नाही.

ते वाक्य खोडले आणि बाकीचे पत्र पाठवून दिले.